चेहऱ्यासाठी क्लिन्झर निवडताना आणि वापरताना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

चिपळूणहून नोकरीसाठी पुण्याजवळच्या एका नव्या गृहसंकुलात राहायला आले, आणि तीन-चार महिन्यांतच माझ्या गालांवरची त्वचा सोलपटू लागली, कपाळ मात्र दुपारपर्यंत तेलकट होई. तेल दिसते म्हणून मी दिवसातून चार वेळा चेहरा धूत असे, धुतल्यावर त्वचा ताणली गेली की ‘आता स्वच्छ झाला’ असे समाधान वाटे, आणि महिनाभराने हनुवटीवर पूर्वी कधी न आलेले मुरूम दिसू लागले. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर त्यांनी कोणतेही औषध लिहिण्याआधी दोनच प्रश्न विचारले : चेहरा कशाने धुता आणि घरात पाणी कुठले येते? या दोन प्रश्नांची नीट उत्तरे शोधताना मला जे शिकायला मिळाले, ते या लेखात क्रमाने मांडले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. क्लिन्झरचे काम मर्यादित आहे. घाम, धूळ, सनस्क्रीन, मेकअप आणि जादा तेल काढून टाकायचे आणि ते करताना त्वचेच्या वरच्या थरातले तिचे स्वतःचे स्निग्ध घटक शक्य तितके जागेवर राहू द्यायचे, एवढेच ते काम आहे. ते नीट झाले की नाही, हे चेहरा धुतल्याच्या क्षणी कळत नाही. तासाभराने त्वचा कशी वाटते यावरून कळते.

जवळ काय ठेवावे

सध्या वापरत असलेल्या साबणाचे किंवा फेसवॉशचे वेष्टन, कारण घटकांची यादी त्यावरच असते. एक मऊ सुती पंचा किंवा छोटा टॉवेल, जो फक्त चेहऱ्यासाठी वापरला जाईल. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात पाहता येईल असा आरसा. चेहऱ्यावर लावत असलेल्या सर्व क्रीम आणि औषधांची यादी, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेतलेल्यांसह. दोन रिकाम्या पारदर्शक बाटल्या आणि थोडे डिस्टिल्ड वॉटर, जे औषधांच्या दुकानात किंवा बॅटरीच्या दुकानात मिळते. आणि एक वही, कारण दोन आठवड्यांपूर्वी त्वचा कशी होती हे आठवणीवर सोडले की हमखास चुकते.

१. आधी आपली त्वचा पाहा

सुट्टीच्या दिवशी सकाळी चेहरा साध्या कोमट पाण्याने आणि घरातल्या सर्वांत सौम्य क्लिन्झरने धुवा, टिपून कोरडा करा आणि तासभर त्यावर काहीही लावू नका. पंखा किंवा एसी थेट तोंडावर घेऊ नका. तासाभराने उजेडात पाहा. संपूर्ण चेहऱ्यावर चकाकी असेल आणि टिपकागद लावल्यावर तेलाचे डाग सगळीकडून उमटत असतील, तर त्वचा तेलकट आहे. कपाळ, नाक आणि हनुवटी तेलकट पण गाल साधारण किंवा कोरडे असतील तर ती मिश्र त्वचा. हसताना गाल ताणले जात असतील, नाकाच्या कडेला किंवा ओठांभोवती बारीक पापुद्रे दिसत असतील तर कोरडी. लालसरपणा, चुरचुर किंवा खाज वारंवार होत असेल तर त्वचा संवेदनशील आहे, आणि ही स्थिती वरीलपैकी कोणत्याही प्रकारासोबत असू शकते.

येथे पहिला सापळा आहे. माझ्यासारखी वारंवार धुऊन त्रासलेली त्वचा तेलकटही दिसते आणि सोलतेही, त्यामुळे तिचा खरा प्रकार त्या अवस्थेत ओळखता येत नाही. अशा वेळी दोन आठवडे फक्त सौम्य क्लिन्झर आणि साधे मॉइश्चरायझर वापरून मगच ही पाहणी करावी. त्वचेचा प्रकार कायमचाही नसतो. मुंबईच्या जुलैमधील दमट हवेत तेलकट असणारी त्वचा नागपूरच्या डिसेंबरमध्ये कोरडी पडू शकते.

२. घरातले पाणी तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या बाबतीत अडचणीचे मूळ नेमके येथेच होते. चिपळूणला आमच्या विहिरीच्या पाण्यात साबणाचा फेस सहज होई. पुण्याच्या नव्या घरी टँकरचे आणि बोअरवेलचे पाणी मिसळून येत असे, आणि नळांच्या तोट्यांवर पांढरा थर धरत असे. तो थर म्हणजे पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता प्रतिलिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली जाते आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतली जाते, म्हणजे पिण्यास योग्य ठरणारे पाणीसुद्धा बऱ्यापैकी कठीण असू शकते.

साधा साबण अशा पाण्यात गेला की साबणातील स्निग्धाम्ले या क्षारांशी जोडली जाऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जी मळकट रेघ दिसते, ती त्याचीच. तोच साका चेहऱ्यावरही बसतो. शिवाय इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखवले आहे की कठीण पाण्याने धुतल्यास सोडियम लॉरिल सल्फेटसारखे क्षालक (मळ आणि तेल सोडवणारे) द्रव्य त्वचेवर अधिक प्रमाणात मागे राहते आणि त्यामुळे चिडचिड वाढते. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी कठीण असल्याने तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनीही ही पायरी गाळू नये.

तपासणी सोपी आहे. एका बाटलीत नळाचे आणि दुसरीत डिस्टिल्ड वॉटर समान मापाने घ्या, दोन्हींत खऱ्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि सारख्याच वेळा हलवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भरपूर फेस आला आणि नळाच्या पाण्यात फेस न होता ते दुधाळ, कण धरल्यासारखे दिसले, तर पाणी कठीण आहे. या चाचणीसाठी साबणरहित वडी घेऊ नका (दोन्हींतला फरक पुढच्या पायरीत येतो), कारण तिला कठीण पाण्यातही फेस येतो आणि फरक कळत नाही.

पाणी कठीण निघाले तर घाबरण्याचे कारण नाही. साबण सोडून साबणरहित क्लिन्झर वापरावा, कमी प्रमाणात घ्यावा, भरपूर पाण्याने धुवावा आणि शक्य असल्यास शेवटचा हबका स्वयंपाकघरातील आरओ पाण्याचा मारावा. त्यासाठी तांब्याभर पाणी पुरते. पाण्यात तुरटी फिरवून उपयोग होत नाही. तुरटीने गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसते, पण विरघळलेले क्षार तसेच राहतात.

३. साबण आणि साबणरहित क्लिन्झर यांतील फरक समजून घ्या

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४.७ ते ५.५ च्या आसपास असतो. तेल किंवा चरबी आणि अल्कली यांपासून बनलेल्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. साबणाने धुतल्यावर त्वचेचा सामू वर चढतो आणि मूळ पातळीला यायला वेळ लागतो. दिवसातून एकदा असे झाल्यास बहुतेकांच्या त्वचेला ते सोसते. चार वेळा झाले तर सोसत नाही.

साबणरहित क्लिन्झरमध्ये वेगळी क्षालक द्रव्ये असतात आणि त्यांचा सामू त्वचेच्या जवळपास ठेवता येतो. हे क्लिन्झर वडी, जेल, लोशन आणि फेसाळ अशा सर्व रूपांत मिळतात, त्यामुळे वडी म्हणजे साबण आणि ट्यूब म्हणजे सौम्य हे समीकरण चुकीचे आहे.

दुसरा सापळा टीएफएमचा आहे. आपल्याकडे साबणाच्या वेष्टनावर टीएफएमची टक्केवारी छापलेली असते, म्हणजे त्यातील एकूण स्निग्ध पदार्थांचे प्रमाण, आणि ७६ टक्के किंवा त्याहून अधिक असलेला साबण प्रथम श्रेणीचा ठरतो. ही टक्केवारी साबणाच्या दर्जाबद्दल खरी माहिती देते, पण सामूबद्दल काहीही सांगत नाही. प्रथम श्रेणीचा साबणही अल्कधर्मीच असतो. अंगासाठी तो उत्तम असेल, आणि तरीही चेहऱ्यासाठी योग्य नसेल.

४. वेष्टनाची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला छापलेले शब्द विक्रीसाठी असतात. ‘नॅचरल’ किंवा ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ या शब्दांवरून ते उत्पादन तुमच्या त्वचेला मानवेल की नाही हे ठरवता येत नाही. मागच्या बाजूची घटकांची यादी मात्र कायद्याने बंधनकारक आहे. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून यादीतील पहिले पाच-सहा घटक वाचले तरी त्या उत्पादनाचा स्वभाव बराचसा कळतो.

सोडियम पामेट, सोडियम टॅलोएट किंवा सोडियम पाम कर्नेलेट ही नावे आरंभी असतील तर तो साबण आहे. सोडियम लॉरिल सल्फेट हे क्षालक तीव्र आहे. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य असून सोबतच्या घटकांवर त्याचा परिणाम अवलंबून असतो. सोडियम कोकॉयल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड आणि कोकामिडोप्रोपिल बीटेन ही साधारणपणे सौम्य गटातील नावे आहेत, जरी शेवटच्या घटकाची काही थोड्या लोकांना ॲलर्जी असते. ग्लिसरीन वरच्या क्रमांकावर असणे चांगले लक्षण आहे. ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द असेल तर संवेदनशील त्वचेच्या व्यक्तींनी ते उत्पादन टाळावे.

व्हिटॅमिन सी, केशर किंवा सोनेरी कण असलेल्या फेसवॉशसाठी अधिक पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जे द्रव्य अर्ध्या मिनिटात पाण्याबरोबर वाहून जाणार आहे, त्याने रंग उजळेल अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. तोच खर्च सनस्क्रीनवर करावा.

खरेदी करताना वापरण्याची अंतिम तारीख, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक पाहावा. आयात केलेल्या उत्पादनावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. पहिल्या वेळी सर्वांत लहान ट्यूब घ्यावी. किमतीची तुलना मिलिलिटरवर करावी : १०० मिलिलिटरची ट्यूब ३०० रुपयांना असेल आणि एका वेळी १ मिलिलिटर लागत असेल, तर दिवसातून दोनदा धुतल्यास रोजचा खर्च ६ रुपये होतो आणि ट्यूब ५० दिवस पुरते.

५. त्वचेनुसार निवड करा

कोरड्या त्वचेसाठी फेस न येणारा किंवा अगदी कमी येणारा लोशन अथवा क्रीमच्या रूपातील क्लिन्झर घ्यावा. ग्लिसरीन आणि सिरॅमाइड (त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध घटक) असल्यास उत्तम. सुरुवातीला फेस नसल्याने चेहरा धुतलाच नाही असे वाटेल. आठवडाभरात ती सवय होते.

तेलकट त्वचेसाठी सौम्य जेल किंवा फेसाळ क्लिन्झर योग्य असतो. मुरूम आणि ब्लॅकहेड्स असतील तर ०.५ ते २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड असलेला फेसवॉश उपयोगी पडतो, कारण हे आम्ल तेलात विरघळते आणि रंध्रांतील साठलेला मळ सैल करते. मात्र तो आरंभी दिवसाआड एकदा वापरावा. बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा, आणि त्याचा थेंब टॉवेलवर, उशीच्या अभ्र्यावर किंवा कपड्यांवर पडल्यास रंग कायमचा उडतो हे लक्षात ठेवावे. गरोदर असल्यास औषधी घटक असलेला कोणताही क्लिन्झर वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

मिश्र त्वचेसाठी दोन वेगळी उत्पादने घेण्याची गरज नसते. सौम्य जेल घेऊन तेलकट भागावर थोडा अधिक वेळ आणि गालांवर शेवटी काही सेकंद फिरवले तरी पुरते.

संवेदनशील त्वचेसाठी घटकांची यादी जितकी लहान आणि सुगंधविरहित तितके चांगले. अडापलीन, ट्रेटिनॉइन किंवा आयसोट्रेटिनॉइन यांपैकी मुरमांवरचे एखादे औषध चालू असेल तर त्वचा तेलकट असली तरी सौम्य क्लिन्झरच घ्यावा. औषध आपले काम करत असते, क्लिन्झरने त्यात भर घालायला गेल्यास त्वचा सोलते आणि मग लोक औषधच बंद करतात.

आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. अशा त्वचेला कोणत्याही कारणाने दाह झाला की तो ओसरल्यावर काळसर डाग मागे राहण्याची प्रवृत्ती असते, आणि ते डाग जायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे तीव्र क्लिन्झर आणि खरखरीत स्क्रब यांची किंमत आपल्याला अधिक मोजावी लागते. माझ्या गालावरचा एक डाग मुरमाचा नसून टॉवेलने घासल्याचा होता, हे मला डॉक्टरांनी सांगितल्यावर कळले.

६. पंधरा दिवस पारखा

क्लिन्झर हे धुऊन टाकायचे उत्पादन असल्याने तो त्वचेवर रात्रभर लावून ठेवून चाचणी घेऊ नये. तसे केल्यास चांगल्या क्लिन्झरनेही त्वचा चुरचुरेल. त्याऐवजी पहिले तीन दिवस जबड्याच्या एका बाजूला, कानाच्या खाली, नेहमीसारखाच लावून धुवावा. काही त्रास न झाल्यास पूर्ण चेहऱ्यावर दिवसातून एकदा सुरू करावा. त्या काळात दुसरे कोणतेही नवे उत्पादन सुरू करू नये, अन्यथा दोष कोणाचा हे कळणार नाही.

वहीत रोज एकच नोंद ठेवावी : धुतल्यानंतर तासाभराने त्वचा कशी वाटली. ताण, चुरचुर, लालसरपणा, पापुद्रे यांपैकी काही सलग तीन दिवस लिहावे लागले तर तो क्लिन्झर तुमच्यासाठी नाही, मग तो कितीही महाग असो किंवा मैत्रिणीला कितीही मानवलेला असो. उरलेली ट्यूब हातपाय धुवायला वापरता येते.

७. धुण्याची योग्य रीत

आधी हात धुवावेत. पाणी कोमट असावे. गीझरच्या कढत पाण्याने त्वचेतील स्निग्धता अधिक निघून जाते. चेहरा ओला करून मोठ्या काबुली चण्याएवढा क्लिन्झर तळहातावर घ्यावा, पाण्यात मिसळावा आणि बोटांच्या अग्रांनी अर्धा ते एक मिनिट हलकेच फिरवावा. नाकाच्या कडा, हनुवटीखालचा भाग आणि केसांची रेषा सुटू नये. नंतर भरपूर पाण्याने धुवावे. कानांजवळ आणि जबड्याखाली फेस राहून जातो आणि मग नेमके तेथेच पुरळ येते. टॉवेलने टिपावे, घासू नये, आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे.

सकाळी आणि रात्री असे दोनदा धुणे पुरेसे आहे, शिवाय खूप घाम आल्यावर एकदा. कोरड्या त्वचेच्या व्यक्तींनी सकाळी नुसत्या पाण्याने धुतले तरी चालते. दुचाकीवरून धुळीतून आल्यावर दर वेळी फेसवॉश लावण्याची आवश्यकता नसते. पाण्याचे चार हबके मारले तरी धूळ निघते.

सनस्क्रीन किंवा मेकअप लावला असेल तर रात्री दोन टप्प्यांत धुवावे. आधी क्लिन्झिंग ऑइल किंवा मायसेलर वॉटरने तो थर सैल करून काढावा आणि मग नेहमीच्या क्लिन्झरने धुवावे. मायसेलर वॉटरमध्येही क्षालक द्रव्ये असतात, म्हणून ते पुसून तसेच ठेवू नये. खोबरेल तेलाने मेकअप निघतो हे खरे, पण मुरूम येणाऱ्या काही जणांची रंध्रे त्याने बंद होतात.

केसांना तेल लावून झोपणाऱ्यांच्या कपाळावर जे बारीक पुरळ येते, त्याला फेसवॉश बदलून उपाय होत नाही. तेल केसांपुरते ठेवावे, उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा, आणि न्हाताना शाम्पू व कंडिशनर धुऊन झाल्यावर शेवटी चेहरा धुवावा.

८. घरगुती पदार्थांविषयी

आमच्या घरी दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला उटणे लागतेच, आणि ते मी आजही आनंदाने अंगाला लावते. वर्षातून चार दिवस अंगाला लावणे आणि रोज चेहऱ्यावर चोळणे यांत मात्र फरक आहे. डाळीचे पीठ दुधाच्या सायीत कालवून कोरड्या, निरोगी त्वचेवर अधूनमधून हलक्या हाताने लावायला हरकत नाही, परंतु पीठ बारीक चाळलेले असावे आणि मुरूम असताना ते चोळू नये. मुलतानी माती तेल शोषून घेते, म्हणून कोरड्या त्वचेला ती आणखी कोरडी करते.

लिंबू आणि खाण्याचा सोडा हे दोन पदार्थ चेहऱ्यापासून दूर ठेवा, हे मी आग्रहाने सांगते. लिंबाचा रस अत्यंत आम्लधर्मी असतो, आणि तो त्वचेवर राहून ऊन लागल्यास भाजल्यासारखे फोड येऊन गडद डाग पडू शकतात. सोडा याच्या उलट अल्कधर्मी असून साबणासारखेच नुकसान करतो.

९. डॉक्टरांकडे केव्हा जावे

कोणताही क्लिन्झर लावला तरी चेहरा जळत असेल, मुरूम खोल आणि दुखरे असतील, नाकाच्या कडेला व भुवयांत लालसर पापुद्रे वारंवार येत असतील, किंवा गालांवर वांग पसरत असेल, तर क्लिन्झर बदलत बसू नये.

याहूनही तातडीचे कारण म्हणजे गोरेपणासाठी किंवा डागांसाठी औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली क्रीम. त्यांपैकी अनेकांमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही स्टेरॉइड द्रव्ये असतात. ती चेहऱ्यावर महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ आणि लाल होते, मुरूम येतात, लव वाढते, आणि साध्या पाण्यानेही चुरचुर होऊ लागते. दोष मात्र फेसवॉशवर येतो. अशी क्रीम आपल्या यादीत असेल तर ती अचानक बंद केल्यावर त्रास उसळू शकतो, म्हणून ती कशी थांबवायची हे त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारावे. खासगी तपासणी परवडत नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो.

जाताना सर्व उत्पादनांची वेष्टने, औषधांची यादी, वहीतल्या नोंदी आणि त्रास सर्वाधिक असताना उजेडात काढलेली छायाचित्रे सोबत न्यावीत. त्या दिवशी सकाळी मेकअप करू नये, आणि पाणी कुठले येते हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे.